पत्रिकेवरचं ‘आंतरराष्ट्रीय’

मैदानाच्या कडेला : वाचकांची पत्रं, एका निवृत्त खेळशिक्षकाची उत्तरं

कापसाची सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) होऊन दोन वेचे घरात आले की आमच्याकडे गावोगाव कबड्डीचे ‘भव्य सामने’ सुरू होतात, ते थेट महाशिवरात्रीपर्यंत. दरवर्षी या दिवसांत मला पत्रं येतात ती लोण, बोनस आणि लॉबीच्या भानगडींची. यंदा निम्मी पत्रं बिरुदांबद्दल आहेत. कोण राष्ट्रीय, कोण आंतरराष्ट्रीय, कोण ग्रँडमास्टर. म्हणून हा महिना त्यांनाच देतो. नियमांची पत्रं पुढच्या वेळी घेईन, रागावू नका.

*

सर, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, वय २६. घरची शेती आहे, जोडीला पंचगिरी करतो. जिल्ह्याची पंच परीक्षा पास आहे, विदर्भाच्या परीक्षेला अजून बसलो नाही. आमच्या मंडळानं यंदा पत्रिकेवर माझं नाव ‘राष्ट्रीय पंच’ म्हणून छापलं. अध्यक्ष माझे मोठे काका आहेत. त्यांना म्हटलं तर म्हणाले, “तुले कोण विचारते बाप्पा? पत्रिकेत वजन पायजे, नाई तं बाहेरच्या टीमा येत नाई.” माझ्यासोबत जे पंच होते त्यांच्या नावापुढे ‘आंतरराष्ट्रीय’ होतं. ते एकदा नेपाळला जाऊन आलेत. त्यांना माझ्या दुप्पट मानधन. मी बोलावं की गप्प राहावं? काकांना दुखवायचं नाही.

बेटा, आधी काकांचं बोलू. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, पत्रिका सजवायची होती. आमच्याकडची पत्रिका म्हणजे वर आमदारसाहेबांचा फोटो, मधे बक्षिसांचे आकडे, ‘मॅटवर’, ‘डे-नाईट’, ‘५५ किलो वजनगट’ आणि खाली कोपऱ्यात पंच. त्या कोपऱ्यात साधं ‘जिल्हा पंच’ लिहिणं काकांना मांडवात फाटकी सतरंजी अंथरल्यासारखं वाटत असेल. छापलेलं आता पुसता येत नाही, आणि त्यावरून घरात भांडण करण्यात अर्थ नाही.

पण गप्प बसू नकोस. माइकवाल्याला गाठ. सामना सुरू व्हायच्या आधी त्याच्या हातात चिठ्ठी दे : नाव, गाव, ‘यवतमाळ जिल्हा पंच परीक्षा उत्तीर्ण’, वर्ष. माइकवरचा माणूस हातात चिठ्ठी असली तर चिठ्ठी वाचतो, नसली तर आपल्या मनानं बढती देतो. मला एकानं ‘एशियाड गाजवलेले पंच’ करून टाकलं होतं. कबड्डी एशियाडमध्ये आली १९९० ला, बीजिंगला. त्या वर्षी मी शाळेच्या पटांगणावर चुन्यानं रेघा मारत होतो. मी माइक मागून घेतला आणि तेवढंच सांगितलं. लोक हसले. सामना छान झाला.

आता पायऱ्या समजून घे, कारण काकांनाही त्या माहीत नसतील. कबड्डीत विदर्भ स्वतंत्र आहे. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. त्यामुळे आपल्याकडे जिल्ह्याच्या वरची पायरी विदर्भाची, आणि तिच्या वरची अखिल भारतीय संघटनेच्या परीक्षेची. त्यातही परीक्षा पास होणं एक, आणि नेमणुकीचं पत्र येऊन प्रत्यक्ष स्पर्धेत उभं राहणं दुसरं. एखादा राष्ट्रीय स्पर्धेत गुणलेखक म्हणून बसला असेल तर त्यानं ‘राष्ट्रीय स्पर्धेत गुणलेखक’ असं लिहावं, त्यात काही कमीपणा नाही. सामन्याला सहा अधिकारी लागतात : एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक गुणलेखक. (मैदानावरच्या सरपंचाचं नाव पुकारलं की गावचे सरपंच खुर्चीतून उठतात. हे मी पाहिलेलं आहे.) गुणलेखकाची पाटी चुकली तर दोन्ही पंचांची मेहनत पाण्यात जाते. पण ‘गुणलेखक’ म्हणून हार कोणी घालत नाही, मग माणूस ‘राष्ट्रीय पंच’ होतो.

तुझ्या जोडीदाराबद्दल. तोंडावर खोटारडा म्हणू नकोस, तो कदाचित खोटारडा नसेलही. चहा पिताना विचार : स्पर्धा कोणती, भरवणारी संघटना कोणती, नेमणुकीचं पत्र कोणाच्या सहीचं? नेपाळला जायला आपल्याला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. नागपूरहून गोरखपूरची गाडी, तिथून बसनं सोनौली, पुढे पायी. पलीकडे चार संघ, त्यातले तीन आपल्याच इकडचे, मागे दोन देशांचे झेंडे. परत येताना गाडीतले सगळे आंतरराष्ट्रीय : खेळाडू, पंच, मॅनेजर, सामान सांभाळणारा. अशा सहलीला पैसे भरून गेलेली पोरं मला भेटली आहेत, आणि त्यातली बरीचशी मनापासून खेळणारी होती. जायचं तर जावं. सोनौलीहून लुंबिनी जवळ आहे, दर्शन घेऊन यावं. पण मान्यताप्राप्त संघटनेच्या नेमणुकीशिवाय तिथे वाजवलेल्या शिट्टीनं कोणी आंतरराष्ट्रीय पंच होत नाही.

मला या सगळ्यात राग बढाईचा नाही. बढाई आमच्या पाण्यातच आहे, शंकरपटात बैलांची जोडी धावली की मालक तिचं खानदान सांगतो. माझी तक्रार निराळी आहे. यंदाच्याच एका सामन्यात, गाव सांगत नाही, एका ‘आंतरराष्ट्रीय’ पंचानं समोर पाच बचावपटू असताना बोनस दिला. बोनस, म्हणजे चढाईत बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, समोर सहा किंवा सात असतानाच मिळतो. दोरीबाहेर बसलेलं पाचवीतलं पोट्टं ओरडलं, “अबे, पाचच हायेत ना!” २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी बघत ही पोरं तयार झाली आहेत, त्यांना फसवता येत नाही. पंचालाही दिसलं की पाचच आहेत. पण शिट्टी वाजली होती, आणि हातभर बॅनरवर नाव होतं. त्या माणसाला ‘चुकलं, गुण परत घेतो’ एवढं म्हणता आलं नाही. तुझ्यासारखा जिल्हा पंच ते सहज म्हणून गेला असता. मग आवाज चढले, खुर्च्या सरकल्या, आणि एका गुणानं हरलेला संघ बक्षीस समारंभाला न थांबता टेम्पोत बसून निघून गेला.

खऱ्याखुऱ्या आंतरराष्ट्रीय पंचांचंही सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, एशियाडमधली पुरुषांची अंतिम लढत, भारत आणि इराण. गुण २८-२८, सामना संपत आलेला. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणाला स्पर्श न होताच लॉबीत, म्हणजे स्पर्श झाल्यावरच जिथे जाता येतं त्या कडेच्या पट्टीत, शिरला, त्याच्यामागे इराणचे खेळाडूही लॉबीत. जुन्या नियमानं निकाल एक, नव्या नियमानं दुसरा. निर्णय इकडून तिकडे फिरत राहिला, खेळाडू मॅटवरच बसले, सामना जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. तिथे उभ्या असलेल्यांच्या पात्रतेबद्दल कोणाला शंका नव्हती, तरी ही वेळ आली. मग नेपाळच्या सहलीच्या जोरावर आपण काय करणार?

मानधनाचं दुःख खरं आहे, त्याला मी हसत नाही. पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत काकांच्याच तोंडून एक ठराव करून घे : पंचांनी होकार कळवताना परीक्षेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडावी, मानधन त्या पातळीप्रमाणे. झेरॉक्स मागितली की निम्मे आंतरराष्ट्रीय त्या तारखेला ‘पावण्याच्या लग्नात’ असतात, हा माझा अनुभव. आणि तू विदर्भाच्या परीक्षेला बस. नियमांचं नवं पुस्तक आण, जुनं माझ्याकडे आहे तसं पिवळं झालेलं नको.

*

आदरणीय सर, माझा मुलगा आठवीत आहे. आम्ही मंगरूळपीरजवळच्या खेड्यातले. शाळेत एक सर येऊन कराटेसारखा एक प्रकार शिकवतात. त्यांनी मुलांना गोव्याला ‘राष्ट्रीय स्पर्धे’साठी नेलं, सोयाबीन विकून पाच हजार भरले. मुलाला सुवर्णपदक मिळालं. त्याच्या गटात दोघेच होते. सर म्हणतात हे प्रमाणपत्र पोलीस भरतीत ५ टक्के खेळाडू आरक्षणाला चालते. झेरॉक्स पाठवत आहे. खरं आहे का?

ताई, झेरॉक्स नीट बघितली. वर मधोमध अशोकस्तंभ आहे. खाली ‘चीफ रेफ्री’ म्हणून सही आहे आणि सहीखाली बिरुदांच्या पाच ओळी : ग्रँडमास्टर, आठवा डॅन, वर्ल्ड अमुक, एशियन तमुक, आणि एक डॉक्टरेट. संघटनेचा नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही, फक्त एक मोबाईल नंबर. पाच ओळी लिहायला जागा होती, पत्त्याच्या एका ओळीला नव्हती.

अशोकस्तंभावरून सुरू करू. राजमुद्रा कोणीही छापायची नसते. २००५ चा कायदा आहे, परवानगीशिवाय वापरली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खऱ्या अर्थानं मोठा असलेला रेफ्री या भानगडीत पडणार नाही. ‘ग्रँडमास्टर’ आणि ‘डॅन’ ही त्या त्या शैलीतली, त्यांच्या त्यांच्या शाळेनं दिलेली मानाची पदं. ती खरी असली तरी त्यातून पंच म्हणून पात्रता सिद्ध होत नाही. डॉक्टरेट कोणत्या विद्यापीठाची, तेही लिहिलेलं नाही. पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं तो मिळालेल्या विद्यापीठांना आणि संस्थांनाच असतो. हॉटेलच्या हॉलमध्ये झगा घालून फोटो काढला की घरच्या भिंतीवर लावायला चालतो. यूजीसी खोट्या विद्यापीठांची यादी काढत असते, आणि त्या यादीत आपल्या नागपूरचंही एक नाव बरीच वर्षं झळकत होतं.

आता भरतीचं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे सरांनी खरं सांगितलं. पण कुठलंही प्रमाणपत्र तिथे थेट चालत नाही. त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, वाशीम जिल्ह्यासाठी ते कार्यालय अमरावतीचं. तिथे बघतात की हा खेळ यादीत आहे का, ही संघटना त्या खेळाची मान्यताप्राप्त संघटना आहे का, आणि ही स्पर्धा खरोखर तिची अधिकृत स्पर्धा होती का. तिन्ही गोष्टी लागतात. तुमच्या कागदावर यातली एकही दिसत नाही. दहावी-बारावीच्या खेळाच्या वाढीव गुणांचंही असंच, ते प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातात आणि तिथे तपासले जातात.

तुम्ही वाशीमला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक साधा अर्ज द्या. या खेळाला आणि या संघटनेला मान्यता आहे का, एवढंच लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारलं तर ‘बघू’ म्हणतील, लेखी विचारलं तर बघावं लागतं.

उत्तर येईपर्यंत हा कागद कुठल्याही फॉर्मला जोडू नका. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी लागलेले लोक महाराष्ट्रात पकडले गेले आहेत, आणि अशा वेळी गुन्ह्यात पहिलं नाव येतं ते प्रमाणपत्र वापरणाऱ्या पोराचं. गोव्याला नेणारे सर तेव्हा फोन उचलत नाहीत.

मुलाला काही बोलू नका. दोघांत पहिला आला, म्हणजे एकाला हरवलं ना, ते त्याचं स्वतःचं आहे. अंगाला व्यायाम होत असेल, सर चांगलं शिकवत असतील, तर वर्ग चालू ठेवा. पुढच्या ‘राष्ट्रीय’ला मात्र सोयाबीन विकू नका. शाळेच्या तालुका स्पर्धेत धावायला, कबड्डीला, कुस्तीला उतरवा. तिथे गट मोठे असतात, पदक मिळणं कठीण असतं, आणि एसटीच्या तिकिटापेक्षा जास्त खर्च सहसा येत नाही.

*

दर्यापूर तालुक्यात आमच्या गावी एका दिवंगत गुरुजींच्या नावानं सामने होतात. बॅनरवर ‘१९३६ बर्लिन ऑलिम्पिकचे कबड्डी पंच’ असं लिहितात. खरं असेल का? की विचारणं पाप आहे?

विचारणं पाप नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ ला सुरू केलं. १९३६ ला मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि ऑलिम्पिकच्या वेळी त्यानं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. हे खरं आहे, आणि पारतंत्र्यातल्या अमरावतीहून जहाजानं जाऊन हे करणं केवढं मोठं होतं हे सांगायला हवं का? पण प्रात्यक्षिक म्हणजे पदकाची स्पर्धा नाही. कबड्डी ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून आजपर्यंत आलेली नाही, म्हणून ‘ऑलिम्पिकचा कबड्डी पंच’ असा माणूस जगात नाही. गुरुजी त्या चमूत होते का, हे आधी त्यांच्या घरच्यांना आणि मग मंडळाला विचारा. असतील तर बॅनरवर ‘१९३६ च्या बर्लिन दौऱ्यातील मंडळाच्या चमूचे सदस्य’ असं ठळक लिहा, मी स्वतः नारळ फोडायला येतो. नसतील तर गावात ज्या आखाड्यात त्यांनी पोरं घडवली त्या आखाड्याचं नाव लिहा.

*

आमच्या भागातल्या भरती अकादमीच्या फलकावर ‘एन.आय.एस. पटियाला कोच’ लिहिलं आहे. फी त्या नावावर जास्त घेतात. हे एन.आय.एस. म्हणजे नेमकं काय? (ब्रह्मपुरीहून एक पालक)

पटियालाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ ची. प्रशिक्षक घडवणारी देशातली मोठी संस्था. तिथला वर्षाचा डिप्लोमा असतो, आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. दोन्ही चांगले. पण फलकावर दोघेही ‘एन.आय.एस.’च लिहितात, आणि फी घेताना सहा आठवड्यांचं वर्ष होतं. प्रमाणपत्र बघायला मागा, त्यावर खेळ कोणता तेही बघा. मला एक सापडले होते, कोर्स बास्केटबॉलचा आणि शिकवत होते गोळाफेक.

*

काका, मी नववीत आहे, वणीजवळ राहते. बुद्धिबळाचे सर म्हणतात ते ‘फिडेचे इंटरनॅशनल आर्बिटर’ आहेत. मैत्रीण म्हणते थापा आहेत. कसं कळेल?

बाळा, तुमच्या खेळाचा मला हेवा वाटतो. बुद्धिबळात हे दोन मिनिटांत कळतं. आर्बिटर म्हणजे बुद्धिबळाचा पंच. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, संकेतस्थळावर सरांचं नाव टाकून शोध. फिडेची पदवी असेल तर तिथे त्यांचा क्रमांक दिसेल आणि पुढे फिडे आर्बिटर की इंटरनॅशनल आर्बिटर तेही. या दोन्हींच्या खाली नॅशनल आर्बिटर असतो. सर त्या पायरीवर असतील तर तेही अभ्यास करूनच तिथे पोचलेले असतील. खेळाडूचं रेटिंग आणि आर्बिटरची पदवी वेगवेगळी असते, गल्लत करू नकोस. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ ला बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, ते तिच्या नावापुढे तिथे लिहिलेलं आहे आणि जगातलं कोणीही बघू शकतं. तिला बॅनर छापावा लागत नाही. सरांचं नाव सापडलं नाही तर वर्गात सगळ्यांसमोर विचारू नकोस. एकटे असताना विचार, “सर, तुमचा फिडे नंबर काय?” बाकीचं ते सांगतील किंवा विषय बदलतील.

*

भाऊजी, आमचे हे तीस वर्षं पी.टी. शिक्षक होते, चार वर्षं तालुका क्रीडा संयोजकही होते. धाकटीचं लग्न ठरलं. हे म्हणतात पत्रिकेवर ‘माजी तालुका क्रीडा अधिकारी’ लिहू. मला बरोबर वाटत नाही, पण मी बोलले की घरात धुसफूस. तुमचं ऐकतील. (पुसदहून एक वाचक)

वहिनी, तालुका क्रीडा अधिकारी हे सरकारी पद आहे, त्याचा वेगळा पगार, वेगळी नेमणूक. संयोजक म्हणजे आपल्यातलाच एक शिक्षक, जो शाळा सांभाळून तालुक्याच्या स्पर्धांची धावपळ करतो, पाण्याच्या टाकीपासून ड्रॉच्या चिठ्ठ्यांपर्यंत. ते काम मी जवळून बघितलं आहे, अधिकाऱ्यापेक्षा हलकं नाही. त्यांना सांगा, व्याह्यांकडचं कोणी ना कोणी शिक्षक असणारच, आणि शिक्षकांना हा फरक पाठ असतो. मांडवात पहिल्या पंगतीलाच कोणीतरी विचारेल, “साहेब, कोणत्या सालची पोस्टिंग?” त्या वेळी हातातला वडा खाली ठेवावा लागेल.

‘सेवानिवृत्त क्रीडा शिक्षक’ एवढं छापा, हवं तर खाली ‘माजी तालुका क्रीडा संयोजक’. पत्रिका छापखान्यात गेली असेल तर आजच फोन करा, प्रूफ निघेपर्यंत बदलून देतात. आणि लग्नाची तारीख कळवा, त्या दिवशी कुठे फायनल नसली तर मी येतोच.